बाई, लेकरू बरंय ना? पालकांना शाळेची खबर कशी द्यायची

प्रश्न असा आलाय: "मी बीड जिल्ह्यातल्याच एका जिल्हा परिषद प्राथमिक शाळेचा यंदा पदभार घेतलाय. दर महिन्याला पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शाळेत काय चाललंय याचा सविस्तर मेसेज टाकतो, सोबत दहा-बारा फोटो. ग्रुपवर ७४ जण आहेत आणि अंगठे येतात दोन, त्यातला एक आमच्याच सहशिक्षकांचा. पालकांना शाळेशी देणंघेणंच नाही असं समजायचं का? नेमकं लिहावं काय?"

सर, अंगठ्यांचं नंतर बघू. तुम्ही जो मेसेज नमुना म्हणून दिलाय त्याची पहिली ओळ आहे "सर्व सन्माननीय पालकांना सूचित करण्यात येते की माहे ऑगस्टमध्ये शाळेत विविध उपक्रम यशस्वीरीत्या राबविण्यात आले". 'माहे ऑगस्ट' वाचलं आणि मला कळलं की हा मेसेज तुम्ही केंद्रप्रमुखांसाठी, म्हणजे आपल्या वरच्या साहेबांसाठी लिहिलाय आणि नंतर पालकांना फॉरवर्ड केलाय. बरोबर ना? मीही पाच-सहा वर्षं हेच केलं म्हणून लगेच ओळखलं. अहवाल तयार असतो, फोटो काढलेले असतात, तेच टाकून मोकळं व्हायचं.

माझी शाळा पहिली ते चौथी, पट ६८, आम्ही तिघं शिक्षक. कागदावर मीही शिक्षिकाच, पदभार ११ वर्षं माझ्याकडं आहे आणि गावात सगळे मुख्याध्यापिका म्हणतात. निम्म्याच्या आसपास घरं ऊसतोडीला जातात, कोणी कोल्हापूर-सांगलीकडं, कोणी सोलापूरला, कोणी पार कर्नाटकात बेळगावकडं. दसरा झाला की मुकादमाच्या (मजूर गोळा करून नेणाऱ्या ठेकेदाराच्या) गाड्या यायला लागतात आणि दिवाळीनंतर गावात म्हातारी माणसं, लेकरं आणि कुत्री. तुमच्याकडंही कमीजास्त हेच असणार, म्हणून माझं सगळं उत्तर याच हिशोबानं आहे.

आता तुमच्या त्या ७४ जणांचा विचार करा. घरात फोन एक, तो बापाच्या खिशात. बाप फडात, म्हणजे तोडणीच्या उसात. अंधार असताना उठून तोडायला लागलेला माणूस, कोपीत (तात्पुरत्या झोपडीत) लाईट नाही, फोन चार्ज करायचा तर टपरीवर नाहीतर ट्रॅक्टरवर, नेटचा रोजचा पॅक, त्यात तुमचे १२ फोटो. आईला वाचता येत नाही किंवा जेमतेम येतं. आणि गावात लेकरू ज्या आजीकडं आहे तिच्याकडं बटणाचा फोन. अशा घराला तुम्ही ४० ओळी टाईप करून पाठवल्या आणि अंगठा आला नाही म्हणून देणंघेणं नाही म्हणता, हे काही बरोबर नाही.

माझा गैरसमज एका आजीनं मोडला. तेव्हा मी चिठ्ठ्या द्यायचे, छापील, प्रत्येक लेकराच्या दप्तरात, खाली त्या लेकराबद्दल दोन ओळी हातानं लिहिलेल्या. फार कौतुक वाटायचं मला स्वतःचंच. एका पोराच्या चिठ्ठीत लिहिलं होतं की गणित चांगलं आहे पण सोमवारी कधीच येत नाही, सोमवारी आमच्याकडं बाजार. महिना गेला, पोरगं सोमवारी गायबच. आजी दळणाला भेटली तर म्हणाली, "बाई तुमची चिठ्ठी लई ग्वाड होती, पोराचं गणित चांगलंय म्हणून लिवलंय ना". पुढचं? पुढचं काही नव्हतंच त्यात, म्हणाली. चिठ्ठी वाचून दाखवली होती कोणी? त्याच पोरानं! अर्धी वाचली आणि घडी घालून ठेवून दिली. मला राग यायला पाहिजे होता पण खरं सांगते, वाचन पक्कं झालंय याचा आनंदच झाला, कुठं थांबायचं हे कळायला आधी सगळं वाचावं लागतं.

तेव्हापासून मी लिहिणं जवळजवळ बंद केलं आणि बोलायला लागले. व्हॉइस मेसेज, अडीच मिनिटं, त्याच्यावर नाही. दर पंधरा दिवसांनी शनिवारी. टाईप केलेला मेसेज फक्त तारीख-वेळ सांगायची असेल तर, आणि तोही तीन ओळी. बोललेलं परत परत ऐकता येतं, कोपीत चार जणांना एकदम ऐकवता येतं, आणि बाईचा आवाज ओळखीचा असतो. ज्या आजी-आजोबांकडं साधा फोन आहे त्यांच्यासाठी मी तोच मेसेज शाळा सुटताना दारात उभी राहून तोंडानं सांगते, दहा-बारा जण लेकरं न्यायला येतातच. पाच मिनिटांचं काम आहे.

यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे पहिलं वाक्य, आणि ते मी कधीच बदलत नाही: "शाळेतून बाई बोलतेय, सगळी लेकरं बरी आहेत." हे नसताना काय होतं ते सांगते. एकदा रात्री नऊला वेळ मिळाला म्हणून तेव्हा मेसेज टाकला, विषय होता आधार कार्डाचा. पाच मिनिटांत एका बापाचा फोन, आवाज कापत होता, "बाई काय झालं, लेकरू बरंय ना?" नेट नीट नव्हतं म्हणून मेसेज उघडत नव्हता, नुसतं दिसत होतं की बाईंचा आवाज आलाय, रात्री. साडेतीनशे किलोमीटरवर बसलेल्या माणसाला शाळेचा मेसेज म्हणजे आधी भीती असते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तेव्हापासून रात्री मेसेज नाही आणि पहिलं वाक्य पक्कं.

बरं, सांगायचं काय. तुम्ही लिहिलंय वृक्षारोपण, जयंती, पुण्यतिथी, स्वच्छता पंधरवडा, अमुक स्पर्धा. हे करायचं नाही असं नाही, वरून पत्र येतं, करावंच लागतं. पण पालकाला त्यात आपलं लेकरू दिसत नाही. त्याला तीनच गोष्टी ऐकायच्या असतात, जेवतंय का, शिकतंय का, आणि कुणी मारत-बिरत नाही ना. मारण्यावर तर कायद्यानंच बंदी आहे (शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७) पण पालकांना अजून वाटतं की "बाई दोन फटके द्या पण शिकवा", त्यामुळं तेही मधून मधून सांगावं लागतं की आमच्याकडं ते चालत नाही आणि का चालत नाही.

शिकण्याबद्दल बोलताना आपल्या ट्रेनिंगची भाषा आणू नका. 'अध्ययन निष्पत्ती', 'पायाभूत साक्षरता', 'स्तर', 'निपुण' हे आपल्यात ठीक आहे. मी असं सांगते: तिसरीत १९ लेकरं आहेत, त्यातली १३ आता कधी न पाहिलेली गोष्ट न अडखळता वाचतात, ६ जणांना जोडाक्षर आलं की अडतं, त्या सहांना मी रोज तीन वाजता अर्धा तास घेऊन बसते. त्या सहांची नावं ग्रुपवर कधीच नाही. ती त्यांच्या त्यांच्या आईला, फोन करून. आणि हुशार पोरांची नावंही नाही, कारण एका गावात सगळे एकमेकांचे पाहुणे असतात, तुम्ही एकाचं कौतुक केलं की दुसऱ्याच्या घरी त्या रात्री लेकराला बोलणी बसतात.

मग लेकरू दिसणार कसं? तर वर्गातला एक प्रसंग सांगायचा. एकच, पण नीट. पोषण आहाराचं सांगते. पहिली ते पाचवीला एका लेकरामागं १०० ग्रॅम तांदूळ असतो हे तुम्हाला माहितीय. चौथीला किलो-ग्रॅम शिकवताना मी पोरांना थेट किचन शेडमध्येच नेलं, आज हजर किती, ६१, मग तांदूळ किती, ६ किलो १००, स्वयंपाकाच्या ताईंनी वजनकाट्यावर घातला, पोरांनी काटा वाचला. सगळं छान. तेवढ्यात एक पोरगं वहीत बघत म्हणतं, "बाई, परवा आपण ५८ होतो आणि फळ्यावर साडेसहा किलो लिहिलं होतं." सगळ्या पोरांनी लगेच हिशोब केला, ७०० ग्रॅम जास्त. मी गप्प. खरं असं झालं होतं की ताईंनी आदल्या दिवशीच्या हजेरीवर अंदाजे काढला होता आणि मी बघितलंच नव्हतं, सही मात्र केली होती.

आता हे पालकांना सांगायचं का नाही? मी सांगितलं. जसं झालं तसं, पोराचं नाव न घेता, माझी चूक धरून. ऐकणारे हसले. पण दुसऱ्या दिवशी एक आजी दारात उभी, "मग ते सातशे ग्राम गेलं कुठं?" म्हटलं आजी, शिजलं आणि लेकरांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. तरी त्या आत जाऊन ताईंना विचारून आल्या! मला ते जरा लागलं, खोटं कशाला बोलू. पण त्या दिवसापासून भाताची चव बघायला रोज कुणी ना कुणी आई यायला लागली, त्याआधी चव रजिस्टरवर सह्या गोळा करत मलाच फिरावं लागायचं. एका खऱ्या गोष्टीनं जे झालं ते माझ्या पाच वर्षांच्या 'यशस्वीरीत्या राबविण्यात आले' नं झालं नव्हतं.

वाईट बातमीचं मात्र वेगळं आहे, आणि तिथं मी सपशेल चुकलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मधल्या सुट्टीत एक पोरगं लिंबाच्या झाडावरून पडलं, मनगट मोडलं. मी गाडीवर बसवून ग्रामीण रुग्णालयात नेलं, तिथवर सगळं बरोबर. मग मी केंद्रप्रमुखांना फोन केला, मग शाळा समितीच्या अध्यक्षांना, मग प्लास्टर होईपर्यंत बसले, आणि मग आईला फोन लावला. तोपर्यंत गावातल्या कुणीतरी दवाखान्याच्या दारातला फोटो ग्रुपवर टाकलेला. आई सांगलीकडं फडात होती. ती ओरडली नाही, भांडली नाही. "फोटू बघितला बाई" एवढंच म्हणाली आणि पोराकडं फोन द्या म्हणाली. आता माझा नियम असा आहे की पहिला फोन आईबापाला, दवाखान्यात पोचायच्या आधी, रस्त्यात असताना. साहेबांना नंतर. साहेब रागावले तर रागावू देत. आणि ग्रुपवर त्यानंतर, लेकराचं नाव न घेता, काय झालं आणि आता काय करतोय एवढंच.

फोटोंबद्दल माझं मत कडक आहे, पटलं नाही तर सोडून द्या. महिन्याला एक फोटो, त्यात लेकरं काहीतरी करत असली पाहिजेत, रांगेत उभी नकोत. आणि वह्या वाटप, स्वेटर वाटप, चपला वाटप याचे फोटो अजिबात नाही. देणारा चांगला माणूस असतो, त्याला फोटो हवा असतो, मला कळतं. मी त्यांना म्हणते, वह्यांच्या गठ्ठ्यासोबत तुमचा काढते ना मस्त. पण लेकरू हात पुढं करून उभं आणि तो फोटो त्याचा बाप परक्या मुलखात बसून बघतोय, हे नको. एकदोन देणगीदार यावरून नाराज झाले, परत आले नाहीत.

आता वर्षाचं गणित, कारण तुम्ही दर महिन्याला सारख्याच आकाराचा मेसेज टाकता आणि गरज तशी सारखी नसते. आपल्याकडं १५ जूनला शाळा उघडते, जून-जुलैत पुस्तकं, गणवेश, आधार, बँक खातं, हे सांगून टाकायचं, पटकन, यात रमायचं नाही. खरा महिना सप्टेंबर. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, झेंड्याला अख्खं गाव शाळेत येतं आणि त्यावेळी ऊसतोडीची सगळी घरं अजून गावात असतात. मी वर्षातली सगळ्यात मोठी पालक सभा त्याच दिवशी घेते, झेंडा झाला की लगेच, चहा देऊन. वेगळी तारीख ठेवली तर कोण येतंय! हैदराबाद संस्थान १९४८ ला कसं मोकळं झालं ते पोरं पाच मिनिटं बोलतात आणि मग मी विषय काढते, यंदा कोण जाणार, लेकरू कुणाजवळ राहणार.

हा विषय उशिरा काढला की संपलं. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतली की घर मनानं निघालेलं असतं, आणि लेकराला ठेवायचं का न्यायचं हे शेवटच्या रात्री ठरतं, आणि शेवटच्या रात्री ठरलं की लेकरू गाडीत बसलेलं असतं. मोठी पोरगी असेल तर हमखास, कारण धाकट्याला सांभाळायला कोण. म्हणून सप्टेंबरच्या मेसेजमध्ये मी हंगामी वसतिगृहाचं (आईबाप तोडीला गेले की मागं राहिलेल्या लेकरांची सोय) अगदी ताटापर्यंत सांगते. सकाळी काय मिळणार, संध्याकाळी काय मिळणार, झोपायला आजीकडं जायचं का शाळेत, आजारी पडलं तर कोण नेणार, आणि फोनवर बोलायचं कधी. आईला यादी-प्रस्तावाचं काही नसतं, तिला रात्रीचं विचारायचं असतं. तेही मी सभेत नाही, नंतर बायकांच्यात बसून बोलते. तुम्ही पुरुष आहात, तुमच्या शाळेतल्या बाईंना किंवा समितीतल्या एखाद्या ताईंना पुढं करा.

आणि जे लेकरू जाणारच आहे त्याला शिक्षण हमी कार्ड द्या, हातात, आणि आईला समजावून सांगा की तिकडं कारखान्याजवळच्या शाळेत हे दाखवायचं, दाखल करून घेणं त्यांचं काम आहे. शाळेनं का-कू केलं तर तिथूनच मला फोन लावा, मी बोलते. दरवर्षी दोन-तीन फोन येतात. बहुतेक वेळा तिकडचे गुरुजी चांगलेच असतात, फक्त कुणीतरी आधी ओळख काढायला लागते. जी गेली त्यांच्यासाठी मेसेजमध्ये एक काम असतंच: उसाच्या खेपेची वजन पावती बापानं लेकराला वाचायला द्यायची, किती टन, कोणती तारीख. वाचनही होतं, आणि काही घरांत तर लेकरानं पावती वाचायला लागल्यापासून बापालाही हिशोब नीट कळायला लागला, हे मुकादमाला फारसं आवडत नाही म्हणे.

समितीचा वापर करा. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्यानंच किमान तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका (कलम २१), पण आपण त्यांना ठराव आणि सही एवढ्यालाच बोलावतो. माझ्याकडं महिन्यातला एक मेसेज समितीतली एक आई बोलते. तिला लिहिता-वाचता येत नाही, तिनं वर्गात एक तास बसायचं आणि जे बघितलं ते सांगायचं, मी मध्ये बोलत नाही. तिचा मेसेज माझ्यापेक्षा जास्त ऐकला जातो. एकदा तिनं सरळ सांगून टाकलं, "दुसरीच्या वर्गात लई गोंधळ होता, सर फोनवर होते." सहकारी आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण फोन बंद झाला.

ग्रुपचं सेटिंग अॅडमिनपुरतं ठेवा, म्हणजे सुप्रभात, वाढदिवस आणि पुढाऱ्यांचे बॅनर यात शाळेचा मेसेज बुडत नाही. विचारायचं असेल त्यांनी फोन करायचा. आणि अंगठे मोजू नका. मी काय बघते सांगू? किराणा दुकानात, स्टँडवर, दळणाला कोण काय विचारतंय ते. "बाई, ती टाकी झाली का दुरुस्त?" असं कुणी विचारलं की समजायचं मेसेज पोचला.

तुम्ही नमुना मागितलाय, तर डिसेंबरमधला माझा एक मेसेज आठवतो तसा देते:

"शाळेतून बाई बोलतेय, सगळी लेकरं बरी आहेत. थंडी पडलीय, ज्यांच्याकडं स्वेटर नव्हतं त्यांची सोय झालीय, पैसे पाठवू नका. वसतिगृहात सकाळी भाकरी-बेसन, संध्याकाळी वरण-भात-भाजी चालू आहे, मी स्वतः आठवड्यातून दोनदा जेवते. एक वाईट गोष्ट, पाण्याची टाकी तडकलीय. हापशावरून पाणी आणतोय, लेकरांना आणायला लावत नाही. ग्रामपंचायतीला सांगितलंय, कधी होईल ते अजून कळलं नाही, कळलं की सांगते. तिसरीची लेकरं वाचनात पुढं गेलीत, पहिलीची अजून दंगा करतात, करू देत. दुसरीत एका लेकरानं विचारलं की ऊस गोड असतो तर तोडणाऱ्याचे हात का कापतात, तुमच्याकडं उत्तर असलं तर फोनवर आपापल्या लेकराला सांगा. ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती आहे, पोरी बोलणार आहेत, त्यांचा आवाज पाठवते. रविवारी चार ते सहा मी वसतिगृहात फोन घेऊन बसलेली असते, तेव्हा लावा, दोन दोन मिनिटं सगळ्यांना बोलायला देते."

त्या रविवारी ४१ फोन आले. बॅटरी संपली, मग ताईंच्या फोनवरून बोललो. तुमच्या शाळेत चार्जिंगचा एक जास्तीचा पॉइंट आधीच करून घ्या, आणि ऑगस्टचा तो मेसेज राहू द्या आता, सप्टेंबरचा बोलून बघा आणि पाठवायच्या आधी मला ऐकवा.